विषयांतर म्हणून हटवलेली माफी

शिलाई मशीन दुरुस्तीच्या, कुणालाही वाचता येणाऱ्या ग्रुपवर मॉडरेटरने आपल्या वहिनीची जाहीर माफी मागितली. मॉडरेटरच्या मते असं काही घडलेलंच नाही. कृपया पुढे वाचा.

वहिनी म्हणजे ग्रुपमधली सगळ्यात जुनी मेकॅनिक. मॉडरेटर तिचा धाकटा दीर, शेजारच्याच गाळ्यातला शिंपी. नऊ वर्षांत तिने तिथे अकराशे उत्तरं लिहिली होती. सोमवारी तिचा एक फोटो जरा हलला. नियम सात: फोटो स्पष्ट असावा. दिराने तिला बाहेर काढलं, वर अकराशे उत्तरंही पुसली. त्याच दिवशी त्याच्या जिगरी दोस्ताने स्वतःच्या अंगठ्याचा धूसर फोटो टाकला. त्याला बदाम मिळाले.

वहिनीने तक्रार केली. ती मॉडरेटरकडेच गेली. मॉडरेटरने मॉडरेटरची कसून चौकशी केली आणि त्याला निर्दोष सोडलं.

गुरुवारी दिराचं मशीन टाके सोडायला लागलं. त्याने ग्रुपवर विचारलं. पहिलं उत्तर आलं, "वहिनींना विचारा." नियम नऊ: काढलेल्या सदस्याचं नाव घेऊ नये. तो बाहेर. दुसरा तेच म्हणाला, तोही बाहेर. दुपारपर्यंत ग्रुपमध्ये मॉडरेटर आणि अंगठेवाला दोस्त, एवढेच उरले.

शेवटी दीर वहिनीच्या दारात उभा राहिला. "वहिनी, जरा बघता का?"

"आधी ग्रुपवर शोधलंत का, भावजी? नियम एक."

"उत्तर तुमचंच होतं हो. मीच पुसलं."

"मग जाहीर माफी मागा. आणि माझी उत्तरं परत आणा."

"आणतो, आणतो."

दातओठ खात त्याने माफी टाकली. वहिनीने मशीनकडे एकदाच पाहिलं. "सुई उलटी बसवलीत." सुई फिरली, मशीन सुरळीत झालं आणि दोन मिनिटांत माफी गायब. नियम चार: विषयांतर.

"भावजी, माफी कुठे गेली?"

"कसली माफी?"

गरज सरो, वैद्य मरो. पण या वैद्याने स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता. तिने तो हातभर मोठा छापला, त्याच्याच गाळ्यातल्या आरशावर चांगला घट्ट चिकटवला आणि खाली अर्ज लावला:

"मा. मॉडरेटर यांस, माझी अकराशे उत्तरे पूर्ववत करावीत. तसेच माफीनाम्यात माझे नाव घेऊन आपण नियम नऊ मोडला आहे. सबब आपण स्वतःस तात्काळ ग्रुपबाहेर काढावे व त्यानंतर या अर्जावर निःपक्षपाती निर्णय द्यावा, ही नम्र विनंती."