मोहाखालची हद्द

"मी नाही येत जी. मी आली तं गाई खातीन सगरं," रिंकू म्हणाली आणि पुन्हा खाली वाकून मोहफुलं वेचू लागली.

दुलीचंद गुरुजी सायकल धरून उभे राहिले. साडेसहा वाजले होते. आठला पाचवीचा गणिताचा पेपर, आणि वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी गुरुजींकडे पाठ करून टोपली भरत होती. गुरुजींचं घर लांब, फुलचूरला. एरवी ते सकाळच्या गाडीनं दरेकशाला उतरत आणि तिथून सायकलनं टोल्यावरच्या, म्हणजे या छोट्या वस्तीवरच्या, शाळेत येत. पण परीक्षा म्हणून आदल्या दिवशीच येऊन त्यांनी शाळेत मुक्काम ठोकला होता. कोण येणार नाही हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

"तुझी आजी कुठं आहे?"

"घरी. गुडघा सुजला तिचा. माय-बाप नागपूरले कामावर."

रुख्माआजीचं म्हणणं गुरुजींना पाठ होतं. मोह पंधरा दिवस पडतो, शाळा काय वर्षभर असते. आणि पाचवीला आता पुन्हा नापास करतात असं कळल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं होतं, "नापास झाली तं घरीच राहीन. मोहा तं येचन." गुरुजींनी सालेकशाच्या मुलींच्या वसतिगृहाचा सहावीचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरून ठेवला होता. येत्या तीस तारखेला ते निवृत्त होणार होते. एवढी एक पोर पुढं सरकली की आपण सुटलो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्यांनी सायकल झाडाला टेकवली.

"तू जा. पेपर रीता मॅडम घेणार आहेत. मी वेचतो."

"तुमी?" रिंकू हसली. "तुमाले जमन का?"

"अगं, जन्म धानाच्या बांधावर गेला माझा. वाकायला मी भितो की काय?"

रिंकूनं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे, आणि पायवाटेनं धूम ठोकली.

गुरुजी कामाला लागले. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली होती आणि तिच्यावर टपटप पिवळी फुलं पडत होती. गोड वास नाकात भरला. पाठ बोलू लागली, पण मन खूश होतं. गोल साफ जागा संपली तर तिला लागूनच दुसरी तशीच जागा दिसली. तिथं तर फुलांचा खच पडला होता! त्या झाडाच्या फांदीला पळसाच्या पानांचा झुबका बांधलेला होता. पोरांचा खेळ असेल, असं म्हणत गुरुजींनी तेही सगळं वेचून घेतलं. टोपली काठोकाठ भरली. गुरुजी ती घेऊन थोडं लांब, वाटेकडच्या सावलीत बसून स्वतःवरच खूश होत राहिले.

साडेदहाला रिंकू धावत आली. "सगरा पेपर सोडवलो जी!" म्हणता म्हणता तिची नजर टोपलीवर गेली आणि चेहरा उतरला.

"इतका मोहा? आमचं झाड दुसऱ्या कडीपर्यंतच भरते." तिनं टोपलीच्या विणीतल्या दुसऱ्या जाड वेढ्यावर, कडीवर, बोट ठेवलं. मग लांबून आपल्या झाडाशेजारच्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं. "बकाराम बाच्या झाडाखालचा उचललात का?"

"ते त्याचं आहे? मध्ये बांध तर कुठं दिसला नाही मला."

"रानात बांध कायले राहीन जी? त्यानं पाला बांधून ठेवला नं!" पोरीचे डोळे भरून आले. "आता लोक मनतीन, रुख्माची नातीन चोरटी. आजी मले आता शाळेत धाडतच नाही."

कोणी पाहिलं तर नाही ना, असे शब्द गुरुजींच्या जिभेवर आले. त्यांचे त्यांनाच ऐकू आले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बत्तीस वर्षं रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिणारा माणूस! त्यांनी टोपली डोक्यावर घेतली.

रुख्माआजीच्या अंगणात बकाराम आधीच पोचला होता आणि त्याचा आवाज चढला होता.

"तुझ्या नातनीशिवाय कोन होतं तिथं? सांग नं!"

"माही नातीन तसली नाही," आजी खाटेवरून म्हणत होती, पण आवाजात जोर नव्हता.

गुरुजींनी टोपली बकारामच्या पायाशी ठेवली. "मी उचललं, बकाराम. पोर शाळेत होती. खूण दिसत होती, मला ती कळली नाही. चूक माझी आहे."

बकारामनं गुरुजींच्या मातीनं भरलेल्या पँटकडे, घामेजल्या टकलाकडे पाहिलं. मोठ्या माणसावर ओरडावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"आमच्याकडं रिवाज आहे जी," तो शेवटी म्हणाला. "ज्यानं उचललं, त्यानंच मालकाच्या आंगनात वारवाचं, उनात सुकवाचं. तुमी राहू द्या."

"का राहू देऊ?"

आणि गुरुजी बकारामच्या अंगणात उकिडवे बसले. रिंकूनं टोपलीतली दुसऱ्या कडीच्या वरची सगळी फुलं उपसून दिली. पेपर संपलेली पोरं कुडाशी जमली. आपल्या गुरुजींना शिक्षा झालेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"पातर पसरवा जी," रिंकू मागून म्हणाली. "नाही तं बुरशी येते."

"बरं बाई," गुरुजी म्हणाले आणि फुलं पातळ पसरू लागले. त्यांना लाज वाटत होती, आणि का कोण जाणे, बरंही वाटत होतं.

काम संपल्यावर ते टोपली परत द्यायला आले तेव्हा रुख्माआजी खाटेवर उठून बसली होती. "गुरुजी, तुमी काही मोहा येचू नका बा. मी येचतो उद्यापासून. तुमी हिले शिकवा."

दुसऱ्या दिवशी मराठीचा पेपर. गुरुजींनी शाळेचं दार उघडलं तेव्हा रिंकू पायरीवर बसलेली होती.

"आजी?"

"झाडाखाली गेली. गुडघ्याले फडका बांधून."

गुरुजी फळ्यापाशी गेले, सुविचार लिहायला खडू उचलला. मग त्यांनी खडू तिच्यापुढं धरला. "आज सुविचार तू लिही."

रिंकूनं टाचा उंचावून कोपऱ्यात सावकाश लिहिलं: 'रानात बांध नसते. पन हद्द असते.'

तीस तारखेला सगळे निरोप-सत्कार झाल्यावर गुरुजींनी रोजच्यासारखा फळा पुसला. कोपऱ्यातली ती ओळ तेवढी ठेवली आणि दाराला कुलूप लावलं.