बिनघराची गोगलगाय

आसेगावात "मले माहीत नाही" म्हणणारा माणूस सापडणं मुश्कील. लिलाबाईच्या अंगणातली झेंडूची रोपं रोज सकाळी कुरतडलेली दिसू लागली आणि एक दिवस पानाखाली बोटाएवढं काळं, बुळबुळीत काहीतरी सापडलं. तेव्हाही उत्तरं तयारच होती.

"जळू आहे," नवरा शेषराव ओट्यावरूनच म्हणाला. "रक्त पेते. हात नको लावू."

"जळू झेंडू खाते काय? का तिच्या भ्यावानंच मोजे घालून बसले तुमी?"

शेजारची प्रयागबाई कुंपणावरून डोकावली. "नागाचं पिल्लू असन, लिलाबाई."

"नागाले शिंगं कवा फुटले, मावशी? अन् शिंगाच्या टोकावर डोळे?"

लिलाबाई चेष्टेवारी नेत होती, पण आतून धास्तावली होती. मागच्या वर्षी वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या धम्मवाचनाच्या, समारोपाला मालेगावहून आणलेली फुलं दुपारीच माना टाकून बसली, तेव्हा बुद्धविहारात सगळ्यात जास्त तीच बोलली होती. यंदाची फुलं माझ्या घरची, असं साऱ्या बायांसमोर सांगून बसली होती. आता रोपं गेली तर बाया तिला सोडणार नव्हत्या.

तिनं तो प्राणी एका पानासोबत बरणीत ठेवला. संध्याकाळपर्यंत पानाची चाळणी झाली आणि काचेवर चकाकता चिकट माग उमटला. असा माग तिनं सोयाबीनवर पाहिला होता.

"गोगलगाय आहे. पाठीवर शंख तेवढा नाही."

"म्हंजे बिनघराची," शेषराव म्हणाला. "घरकुलाच्या यादीत टाक तिले. आपलं नाव त् येतच नाही."

लिलाबाईनं तिच्यावर टाकायला मिठाची मूठ भरली.

"काल विहारात हात जोडून म्हनली, जीव मारनार नाही. एका दिवसात शील संपलं?"

"तुमी कोंबडी खाता तवा कुठी जाते शील?"

"मी शील हळू म्हनतो. तुया आवाज साऱ्यात वर असते."

लिलाबाईनं मूठ उघडली. मीठ डब्यात परत गेलं. रागारागानं तिनं गुळाचं पाणी केलं, त्यात गोणपाट भिजवून रोपांजवळ अंथरलं. सोयाबीनमधल्या गोगलगाईंसाठी शेतात हेच करतात. सकाळी गोणपाटाखाली त्या बिनघराच्यांची जत्रा भरली होती. तिनं काडीनं सगळ्या एका डब्यात लोटल्या आणि डबा शेषरावपुढे ठेवला.

"शील तुमी शिकवलं. आता उकिरड्यावर तुमीच नेऊन सोडा."

तेव्हापासून रोज सकाळी शेषराव हात लांब करून डबा नेऊ लागला. पायात मोजे.

"शेषराव, लेकरं फिरवून राह्यले काय?" प्रयागबाई विचारायची.

"हो मावशी, नागाचे."

समारोपाच्या दिवशी मूर्तीपुढे झेंडूचा ढीग होता. थोडी पानं कुरतडलेली, फुलं टवटवीत. बायांना बोलायला जागाच सापडली नाही. पंचशील सुरू झालं तसं लिलाबाईनं शेषरावला कोपर मारलं.

"आता मोठ्यानं म्हना. डबा तुमीच नेला."

आणि शेषरावनं पहिलं, जीव न मारण्याचं शील एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की पुढच्या ओळीतले लोक वळून पाहू लागले.