उतारावर सुटणारा गुडघा

त्या महिन्यातला तो चौथा सत्कार होता. कृत्रिम पायाला वाकणारा गुडघा बसवण्याची युक्ती शोधून त्यांना बावीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून सगळे त्यांना गुडघेवाले म्हणूनच ओळखत. घरी येऊन ते बूट न काढताच खुर्चीत टेकले.

"दमलास, दादा?" धाकट्या बहिणीनं विचारलं. कृत्रिम पायांच्या कातडी पट्ट्या शिवायचं काम तिचं. ती त्याच खोलीत खिडकीपाशी बसायची.

"हसून हसून गाल दुखायला लागलेत."

तेवढ्यात पोस्टमन दारात आला. त्याचा एक पाय कृत्रिम, गुडघेवाल्यांच्याच गुडघ्याचा; आज काखेत कुबड्या होत्या आणि कोपराला पट्टी.

"आज पत्र नाही, तक्रार आहे," तो म्हणाला. "तुमचा गुडघा चढताना झकास. उतरताना मात्र एकदम सुटला. सहा पायऱ्या घरंगळलो."

गुडघेवाल्यांनी वाकून त्याचा गुडघा चाचपला. मग म्हणाले, "गुडघा ताठ धरणारी आतली खिट्टी झिजते. मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? आणि भाषणं ठोकत फिरताय?"

बहिणीची सुई थांबली. गुडघेवाल्यांनी मान खाली घातली. दुरुस्ती करायचीच होती, पण आधी कारखाना, मग दौरे, मग सत्कार. नंतर बघू म्हणता म्हणता केस पिकले होते.

पोस्टमन पाय तिथंच ठेवून कुबड्यांवर निघून गेला.

तीन आठवडे ते बाकावर वाकून बसले. कानस हातातून निसटायची. खिट्टीचे अकरा नमुने केले, अकराही झिजले. शेवटी त्यांनी डोकं बाकावर टेकलं.

"आता नाही होत माझ्याच्यानं."

"खिट्टी सुटणारच," बहीण म्हणाली. "सुटली तरी पाय हळू वाकेल असं कर ना. पुढून जाड पट्टा ताणून बसवला तर?"

ते तिच्याकडे बघतच राहिले. "हे आधी का नाही बोललीस?"

"तू घरात होतास कधी?"

तिनं पट्टा शिवला, त्यांनी बसवला. खिट्टी मुद्दाम झिजवून पोस्टमनला बोलावून जिना उतरायला लावलं. तिसऱ्या पायरीला ती सुटली. त्यानं कठडा धरला, गुडघा सावकाश वाकला आणि तो पायरीवर बसला.

"बसवलं, पाडलं नाही," तो म्हणाला, आणि कपाळावरचा घाम पुसला.

गुडघेवाल्यांनी कारखान्याला पत्र धाडलं: जुने सगळे गुडघे परत मागवा, दोष मला पहिल्यापासून माहीत होता. मालक तणतणत घरी आला. "नाव मातीत घालताय स्वतःचं!"

"घालू द्या," ते म्हणाले. त्यांच्यात वाद घालायचंही त्राण नव्हतं.

पाचवा सत्कार रद्द झाला. वर्तमानपत्रांनी त्यांना चांगलंच झोडपलं. मग घरी खोकी यायला लागली, प्रत्येकात एकेक पाय. काहींसोबत शिव्यांची चिठ्ठी असे. ती ते पूर्ण वाचत आणि मग जुन्या गुडघ्याचे खिळे काढायला घेत. बहीण पट्टे कापत असे. दुपारपर्यंत दोघांचे मिळून चार पाय दुरुस्त होत. पाठ धरली की ते उठून खिडकीपर्यंत जात, जरा उभे राहत आणि परत येऊन पाचवा पाय मांडीवर घेत.