पालथं घातलेलं पिंप

माझं तोंड फटकळ हाय. सासू म्हनायची, नवरा म्हनतो, आनि शिंगणापुरातली आमची सगळी आळी म्हनती. म्हनू द्या. पन त्या दिशी एवढ्या तोंडाचा कायबी उपेग झाला न्हाई, म्हनून सांगते.

बहात्तरचा दुष्काळ. हिरीच्या तळाला नुसता गाळ. टँकर यील तवा यायचा, त्याचा काय नेम न्हाई. थोरली लेक चांगुणा पहिल्या बाळंतपनाला येनार हुती आनि माझ्या जिवाला एकच घोर लागलेला. ऐन टायमाला घरात पानी नसलं तर? बाळंतिनीला पाजायचं काय आनि लेकराला पुसायचं कशानं? घरातलं एकूनएक भांडं मी अंगनात काढून बघितलं. रांजनाला चीर गेलेली, सकाळी भरला की सांजच्याला निम्मा. रॉकेलचा डबा कितीबी घासा, पान्याला वास मारायचाच. तांब्याचा हंडा झ्याक हुता, पन एकट्या हंड्यात मावनार कितीसं?

तेवढ्यात मालक राहात्याकडनं आले. त्यांचं नाव मी घेत न्हाई, गाव सूर्यभान म्हनतं. तिकडं पाटाच्या पान्यावर बागा हायेत, तिथं कामाला गेल्ते. येताना खांद्यावर निळं पिंप. पत्र्याचं, पाच-सहा हंडे पानी बसंल एवढं, वर घट्ट बसनारं झाकन.

"लेकीसाठी आनलंय," असं छाती फुगवून म्हनाले. "बागवाल्यानं असंच दिलं."

मी झाकन काढलं आनि मागंच सरले. नाकात झिनझिन्या आल्या. बाहेरच्या अंगाला कवटी आनि हाडं काढलेली. मालकांनी दगडानं निम्मं चित्र खरवडलेलं.

"ह्यात काय हुतं वो?"

"फवारनीचं औषध. धुतलंय मी."

"आनि ही कवटी कशाला काढली?"

"तुला कवाधरनं वाचाया यायला लागलं गं?"

"चित्र वाचाया शाळा लागती व्हय?"

झालं. त्यांना राग आला. बरं, माझा मानूस काय वाईट न्हाई, पन हट्टी! राखंनं घासलं, चिंचंच्या कोळानं घासलं, सोडा टाकून उन्हात तापवलं. लेकीच्या मायेपायी हाताची सालटी निघूस्तवर घासलं. पिंप लखलखाया लागलं. "आता हुंग," म्हनाले. मी हुंगलं. वास न्हाई. तरी मन काय घेईना. वास गेला म्हंजी ईखबी गेलं, असं कुनी सांगितलंय? पत्र्याच्या सांधीत काय दडून बसलंय, ते कुनी बघितलंय?

"भोक पाडा त्याला," मी म्हनले.

"एवढं चांगलं पिंप? तुझं डोकं फिरलंय!"

मग मीच ते ढकलत परसात नेलं आनि पालथं घातलं. माझ्या लेखी विषय मिटला.

चांगुणा आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, चेहरा सुकलेला. पन घरात बसून खायाचं काय? सकाळी रंगुबाईला म्हनले, "बाई, पोरीकडं लक्ष असू दे," आनि आमी दोघं सडकंच्या कामावर खडी फोडाया गेलो. रंगुबाई आमची शेजारीन, साधी आनि मायाळू बाई.

ऊन डोक्यावर आलं तवा आमच्या आळीतला पुंजाराम सायकल ढकलीत आला. लांबूनच वरडला, "गोजरवैनी, टँकर येऊन गेला! रंगुबाईनं तुमचं समदं पानी परसातल्या निळ्या पिंपात भरलं बगा, काठोकाठ!"

मी हातोडा तिथंच टाकला.

आमच्यात रीतच हाय. कामावर गेलेल्यांची भांडी घरी ऱ्हानाऱ्यांनी भरायची. टँकर काय कुनासाठी थांबत न्हाई. आनि घासूनपुसून पालथं घातलेलं भांडं म्हंजी पान्यासाठी वाळत घातलेलं, हे आमच्यात बारक्या पोरीलाबी ठावं. मी पालथं घातलं ते वापरू नये म्हनून. रंगुबाईनं बघितलं आनि तिला वाटलं, तयारच करून ठेवलंय. ह्यात तिची काय चूक वो?

मी पळत सुटले. पायात वहान न्हाई, डोईवर पदर न्हाई. मागनं मालक वरडत हुते, "अगं थांब, काय हुत न्हाई!" काय हुत न्हाई म्हनं! वाटंत एकच दिसत हुतं, माझी पोर तांब्या तोंडाला लावती. देवा शनिराया, माझं काय वाटोळं करायचं ते कर, पन तिची तहान आवर, असं म्हनत पळाले. कुनी लेकीच्या तहानंवर कवा असं मागितलं असंल का?

आमच्या गावात घरांना दारं नसत्यात. सरळ आत शिरले. पिंप परसातनं आत आनून सावलीला, भितीला लावून ठेवलेलं. शेजारी तांब्या. तांब्या वला.

चांगुणा घोंगडीवर डोळं मिटून पडलेली. मी तिला गदागदा हलवली. "प्यालीस? सांग की गं, प्यालीस का तू?"

ती दचकून उठली. "काय झालं आई? न्हाई गं. तहान लागलीय, पन झाकन निघंना. मावशीनं पिंप भरून घट्ट लावलं, तांब्या इसळून ठेवला आनि त्या आपलं पानी भराया गेल्या."

रडू आलं आनि रागबी आला, दोनी संगंच.

तवर आळी गोळा झाली. मालक धापा टाकीत आले. "ह्यात फवारनीचं ईख हुतं," म्हनत मी पिंपाला हात घातला तशा बाया वरडल्या, "गोजरे, पानी वततीस? ह्या दिसांत?" रंगुबाई तर रडायलाच लागली. "मी एकएक कळशी डोईवर वाहिली गं," म्हनाली. तिचं काय खोटं न्हवतं. सहा हंडे पानी म्हंजी त्या सालात घरातला दागिनाच.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. चारचौघांत बायको आपलं पिंप पालथं घालती म्हनल्यावर! "थांबा समदी," म्हनाले. झाकन उपटलं, तांब्या बुडवून भरला. "मीच पिऊन दावतो. मग तर झालं?"

माझी वाचाच बसली. जन्मभर चाललेलं तोंड, त्या टायमाला एक शबुद फुटंना.

तांब्या व्हटापर्यंत गेला आनि चांगुणा उठली. भितीला धरून, पोट सावरीत पुढं आली. तिनं हात पसरला.

"आबा, आधी मला द्या. मला लई तहान लागलीय. तुमी म्हनताय तर चांगलंच असंल."

मालक तिच्या हाताकडं बघत हुते. मग तिच्या पोटाकडं बघितलं. तांब्या कलला, पानी मनगटावरनं खाली गळाया लागलं. ती हात तसाच पसरून हुबी.

"आबा, द्या की."

त्यांनी तांब्या दिला न्हाई. बाहेर जाऊन लांब उकिरड्यावर वतला. आत आले आनि कुनाचा हात लागू न देता पिंप एकट्यानं वढत तिकडंच नेलं. पानी भळाभळा गेलं. तापलेल्या मातीनं ते घटाघटा पिलं. कोंबड्या चोची उघड्या टाकून धावल्या, त्या मी दगड मारून हाकलल्या. बघनाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. सहा हंडे पानी, आनि कुनाच्या घशाला एक थेंब न्हाई.

मग मालक पहार घेऊन आले. "घराला दार न्हाई," म्हनाले. "आज लपवलं तर उद्या कुनीतरी पुन्यांदा भरंल." आनि पिंपाच्या बुडाला भोकं पाडत सुटले. थांबंचनात. शेवटी मीच हात धरला.

रंगुबाई कवा घरी गेली ते कळलं न्हाई. परत आली ती सुनंला घेऊन, दोघींच्या मधी एक मोठा मातीचा रांजन. "ज्वारीचा हाय," म्हनाली. "ज्वारी कवाच संपली. चांगला हाय गं, धान्याबिगर ह्यात कवा काय पडलं न्हाई." आनि काखंतल्या कळशीतनं तिच्या घरचं पानी तिनं त्यात वतलं. तिच्याकडं मागं किती उरलं, ते मी इचारलं न्हाई. इचारायची हिंमतच झाली न्हाई.

चांगुणा पोटभर प्याली. मग तिनं तांब्या भरून मालकांच्या पुढं धरला.

"आबा, आता तुमी प्या."

मालकांनी दोनी हातांनी तांब्या घेतला आनि पोरीवानी हमसून रडले.