एकतीस अंश डावीकडे

लढाऊ विमानाच्या नाकात बसणारी ती प्लेट जागची हलत नव्हती, हेच तिचं मोठेपण. जुन्या रडारची थाळी मान इकडेतिकडे वळवून आभाळ पाहायची. या प्लेटवर नऊशे बारा छोटे प्रक्षेपक होते. कुणी केसभर आधी हाक द्यायची, कुणी केसभर नंतर, की सगळ्यांची मिळून एकच हाक हव्या त्या दिशेला वळायची. पण नऊशे बारा जण म्हटले की नऊशे बारा स्वभाव आले. कोण किती उतावळा, कोण किती संथ, हे एकेकाचं मोजून तक्ता करावा लागे, आणि रडार ज्याच्या त्याच्या खोडीची वजाबाकी करून घेई. तो तक्ता प्रयोगशाळेत मोजणी सांभाळणाऱ्या ताई करायच्या. पहिल्या पानावर सहीही त्यांचीच असे.

सोमवारच्या बैठकीत त्या नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. विषय पाहुण्याचा होता. गेल्या तिन्ही उड्डाणांत पडद्यावर डावीकडे एकतीस अंशांवर, जरा खालच्या अंगाला, एक विमान दिसलं होतं. तिथे विमान नव्हतंच. न बोलावता येतो आणि जाता जात नाही, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले होते.

"शुक्रवारी समिती येतेय," साहेब म्हणाले. "पाहुणा पुन्हा दिसला तर बाहेरून तयार रडार घेतील. अकरा वर्षांच्या कामाला कुलूप."

सगळ्यांच्या नजरा जावईबापूंकडे वळल्या. रडारची आज्ञावली लिहिणारा हा तरुण हुशार होता, पण जागेवरून उठायचा म्हणून नाही. चहा त्याला टेबलावर लागे, म्हणून हे नाव. तो स्वतःही त्याच नावाला ओ देई.

"कोडमध्ये चूक सापडत नाहीये," तो म्हणाला. "तीनदा चाळून झालंय. पण पाहुण्याला घराबाहेर ठेवता येईल. डावीकडे त्या पाच अंशांत जे काही दिसेल ते दाखवायचंच नाही, अशी एक ओळ टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"आणि तिथे खरंच कुणी आलं तर?" ताईंनी विचारलं.

"नेमकं तिथेच कोण येतंय, ताई."

"शत्रू तुला विचारून येणार आहे का?"

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?"

"दुपारपर्यंत वेळ द्या," ताई म्हणाल्या. उपाय त्यांच्याकडे नव्हता. होती ती नुसती शंका, आणि ती स्वतःच्याच सहीबद्दल होती.

आपल्या खोलीत जाऊन त्यांनी तक्ता आकड्यांऐवजी रंगांत मांडला. प्रत्येक प्रक्षेपकाला एक ठिपका. उतावळा तांबडा, संथ निळा. असं चित्र विखुरलेल्या तिळांसारखं दिसायला हवं, कशाचा कशाला मेळ नसलेलं. वरवर ते तसं होतंही. पण ताईंनी चष्मा काढला, डोळे बारीक केले, आणि ठिपक्यांखालून फिकट कमानी वर आल्या. एकामागे एक, समान अंतराने, सगळ्या एकाच केंद्राभोवती वाकलेल्या. नऊशे बारा जणांना एकाच रांगेने एकच खोड कशी लागेल? ही खोड त्यांची नव्हती. मोजताना कुठूनतरी प्रतिध्वनी येत होता आणि तो त्यांच्या नावावर मांडला गेला होता.

त्यांनी कागद घेतला, कंपास घेतला. कमानींमधलं अंतर आणि त्यांचा वाक यांवरून केंद्र काढलं. ते प्लेटवर नव्हतंच. प्लेटच्या पुढे एक मीटर वीस, डावीकडे बहात्तर सेंटिमीटर, जमिनीपासून चाळीसच्या आसपास. मग त्यांनी बहात्तरला एकशेवीसने भागून कोन पाहिला. एकतीस अंश.

टेप घेऊन त्या मोजणीच्या चेंबरमध्ये गेल्या. भिंती, छत, जमीन, सगळीकडे फोमचे निळे सुळके. लहरी गिळणारी खोली, आवाजही गिळायची. दार लावलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येई. नेण्या-आणण्याची वही दाराशीच टांगलेली होती. पेचकस असो की पेन, आत गेलेली वस्तू बाहेर आल्याची नोंद झाल्याशिवाय मोजणी सुरू होत नसे. हा नियम ताईंनीच घातलेला. मोजण्या सुरू झाल्यापासूनच्या सातही महिन्यांच्या नोंदी चोख होत्या.

मधल्या चिंचोळ्या वाटेवर गुडघे टेकून त्यांनी टेप धरली. एक मीटर वीस. बहात्तर. टेपचं टोक वरच्या रांगेला हात पोचावा म्हणून ठेवलेल्या लाकडी स्टुलाला लागलं.

हे स्टूल वहीत नव्हतं, कारण ते कधी बाहेर जातच नसे; काम झालं की याच ठरलेल्या जागी सरकवून ठेवलेलं असे. त्यांनीच ते मुद्दाम करून घेतलं होतं: एकही खिळा नाही, नुसते सांधे आणि सरस. रडारच्या लेखी ते जवळपास नव्हतंच. ताईंनी ते उलटं केलं. बैठकीखाली आडवी, टीचभर रुंद लोखंडी पट्टी, चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. चकचकीत नवी.

त्या तिथेच बसल्या. नऊशे बारा जणांच्या खोड्या शोधत आपण सात महिने जिच्यावर उभ्या राहिलो, ती वस्तू एकदाही उलटी करून पाहिली नाही. मोजणाऱ्याने स्वतःच्या पायाखालचं मोजायचं राहून गेलं होतं.

कार्यशाळेतले सुतारकाका रंधा थांबवून म्हणाले, "हो, मीच लावली. दार दुरुस्त करायला आलो तेव्हा पाहिलं, स्टूल डगमगत होतं. तुमचे गुडघे आधीच कुरकुरतात. म्हटलं पडल्या-बिडल्या तर. हत्यारं वहीत लिहिली होती, पट्टी तर तिथेच राहायची. का, ढिली झाली का?"

"नाही काका. फार पक्की बसलीय."

"मग?"

"काही नाही. मला आजच दुसरं स्टूल हवंय. बिनखिळ्याचं. आणि ते डगमगलं तरी मला सांगायचं, हात लावायचा नाही."

दुपारी साहेबांच्या टेबलावर स्टूल उलटं ठेवून ताईंनी सगळं सांगितलं. जावईबापूने बसल्या जागेवरून पट्टीवर टिचकी मारली.

"म्हणजे रडारला आपण स्टूल शिकवलं," तो म्हणाला.

"पाठ करून घेतलं. जे नाही त्याची वजाबाकी करायला लावली, आणि त्यापायी ते त्याच बाजूला तिरकं बघू लागलं. खालची जमीन पाहून म्हणतं, विमान आहे."

"पट्टी सुताराने लावली," साहेब सावकाश म्हणाले. "अहवालात तसं लिहू."

"तक्त्यावर सही माझी आहे. माझंच नाव लिहा. तक्ता नव्याने करायला तीन दिवस लागतील. गुरुवारी संध्याकाळी मिळेल. आणि शुक्रवारी आणखी एक विमान हवं, डावीकडे एकतीस अंशांवर. वैमानिकाला न सांगता."

"हे विकतचं दुखणं कशाला, ताई? पाहुणा गेला की पुरे."

"न दिसणं दोन प्रकारचं असतं, साहेब. समितीने विचारलं की यांनी पाहुणा घालवला की डोळा झाकला, तर काय सांगाल?"

साहेबांनी स्टूल सुलटं करून खाली ठेवलं. मग त्यांनी फोन उचलला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार ताई मोजत राहिल्या. घरी सासूबाई वाट पाहत असत. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सून नेमकं काय मोजते हे विचारायचं नाही, एवढं त्यांना बारा वर्षांत पाठ झालं होतं.

"उत्तर चुकलं होतं?" जेवताना त्यांनी विचारलं.

"हो. पहिल्याच पायरीला."

"मग बरं. शेवटच्या पायरीला चुकलेलं लवकर सापडत नाही." आणि त्यांनी सुनेच्या पानात आणखी भात वाढला.

शुक्रवारी सकाळी नियंत्रण कक्षात समितीचे चौघे पुढच्या रांगेत बसले. ताई दाराजवळ. वैमानिकाचा आवाज खरखरत आला.

"समोर एक. अंतर नव्वद किलोमीटर." थोड्या वेळाने, "समोरचा पक्का धरलाय. डावीकडे स्वच्छ."

पाहुणा गेला होता. साहेबांनी मागे वळून पाहिलं, पण ताईंची नजर घड्याळावर होती. दुसरं विमान डोंगरामागून वर यायला अजून चार मिनिटं होती. तीन मिनिटं गेली. चार. साडेचार. ताईंनी मुठीत टेप घट्ट धरली. ती खिशात कधी आली, त्यांना आठवत नव्हतं.

"थांबा," वैमानिक म्हणाला. "डावीकडे काहीतरी आहे. एकतीस अंश. तो जुना पाहुणा का?" क्षणभर नुसती खरखर. "नाही. हा वळतोय. वेग पाचशे, वर चढतोय. हे विमान आहे. साहेब, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगायचं नव्हतंच," साहेब माइकमध्ये म्हणाले. "दोन्हींवर लक्ष ठेव."

"ठेवलंय. दोन्ही एकदम दिसताहेत. प्लेट जागची हललीही नाही."

समितीतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी आपल्या कागदावर एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. मग वळून विचारलं, "तक्ता कुणी केला?"

जावईबापू उठून उभा राहिला. लोकांना वाटलं, उत्तर देणार. त्याने फक्त दाराकडे बोट दाखवलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला, आणि एक कप चहा भरून स्वतःच्या हाताने ताईंना नेऊन दिला.

"साखर घातलीस?" ताईंनी विचारलं.

"मोजून."

दुपारी त्या कार्यशाळेत गेल्या. सुतारकाकांना यातलं काही सांगायची परवानगी नव्हती. नव्या स्टुलाच्या मापासाठी ठेवून घेतलेलं जुनं स्टूल काकांनी परत पुढे केलं.

"हे आता माझ्या खोलीत हवंय, काका. पट्टी काढू नका."

"एवढी आवडली?"

"फार लांबून दिसते," ताई म्हणाल्या.