लांडगा, ससाणा आणि भरली वांगी

आमचे साव्हेरिओ सर आणि त्यांचे एकेकाळचे जिवलग दोस्त एत्तोरे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. विद्यापीठात एकाच मजल्यावर बसायचे, पण सर खालच्या बारमध्ये कॉफी प्यायचे आणि एत्तोरे मुद्दाम रस्ता ओलांडून दुसऱ्या बारमध्ये जायचे. दोघांनीही एकेक सॉल्व्हर, म्हणजे कोडी सोडवणारा संगणकाचा प्रोग्राम, लिहिला होता. त्याला नियम दिले की तो अंदाज बांधतो, परिणाम काढतो आणि विसंगती आली की माघार घेतो. सरांचा लूपो, म्हणजे लांडगा. एत्तोरेंचा फाल्को, म्हणजे ससाणा. कोणाचा वेगवान, यावरून इटलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या आमच्या सगळ्या कालाब्रियाचे कान किटले होते.

मी प्रबंधात वेग मोजलाच नाही. सॉल्व्हरची प्रत्येक अवस्था म्हणजे एक ठिपका, प्रत्येक चाल म्हणजे एक बाण, असा आराखडा करून दोघांना एकाच चित्रात बसवलं. परीक्षक नेमके हेच दोघे. एकानं जरी नाक मुरडलं असतं तरी माझी पदवी बोंबलली असती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी फळ्यावरचं चित्र बघून सर लालबुंद झाले. "नुन्झिया, हे तर दोन्ही सारखेच!"

"एक बाण वेगळा आहे, सर."

"माझा बरा ना?"

"नाही. लूपो चुकला की एकच पाऊल मागे येतो आणि पुन्हा तिथेच डोकं आपटतो. फाल्को थेट मूळ चुकीपाशी उडी मारतो."

एत्तोरे खिदळले. "लंगडा लांडगा!"

"तू मला परिषदेला बोलावलं नाहीस!" सर त्यांच्यावर उसळले.

"तू माझा लेख परत पाठवलास म्हणून!"

"त्याआधी तू माझा विद्यार्थी पळवलास!"

माझं डोकंच फिरलं. "पुरे! दोघंही लूपोसारखे एकेक पाऊल मागे जाताय. मुळात बिनसलं कशावरून?"



"यानं माझ्या आईच्या भरल्या वांग्यांना खारट म्हटलं," एत्तोरे हळूच म्हणाले. "तिनं नंतर मरेपर्यंत वांगी केली नाहीत."

सरांचा चेहरा पडला. "खारट नव्हती रे. ती तिसऱ्यांदा वाढत होती. पोटात जागाच नव्हती."

"मग नको म्हणायचं, गाढवा!"

"तुझ्या आईला?"

एत्तोरे हसायला लागले आणि हसता हसता रडले. डोळे पुसून त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली, सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं कॉफीला निघाले.

सरांची सही राहिलीच होती. मी कागद घेऊन मागे धावले.