लिनक्सवाला लॅपटॉप बिघडत नाही

वहिनींच्या यजमानांचं ‘मुक्तिदाते’ हे नाव वहिनींच्याच सख्ख्या भावाने ठेवलं आणि ते चिकटलं. नात्यागोत्यातल्या दिसेल त्या कॉम्प्युटरमधलं आधीचं विंडोज पुसून त्यात लिनक्स, म्हणजे कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली फुकट प्रणाली, घालून द्यायचं, हे त्यांचं जीवनकार्य. मग तिकडे वायफाय रुसायचं, प्रिंटर हटून बसायचा आणि मुक्तिदाते भरल्या ताटावरून उठून फोनवर इलाज सांगत बसायचे. तेव्हा काय खुलायचा माणूस! पुढे पुढे मात्र ते येणार असं कळलं की नातेवाईक कॉम्प्युटर कपाटात घालून कुलूप लावू लागले.

अशात वहिनींना घरबसल्या काम चालून आलं. सभांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून पाठवायचा. आधी एक नमुना द्यायचा. तो वेळेत आणि बिनचूक झाला तर काम कायमचं. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागल्यापासून वहिनींना स्वतःसाठी असं काही हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. लॅपटॉप घ्यायचा ठरला आणि मुक्तिदात्यांनी थेट कंपनीतूनच लिनक्स घालून आलेला मागवला. स्वतःच्या मशीनमध्ये भाडेकरूसारखं का राहायचं, हे प्रवचन वहिनींनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

लॅपटॉप आला. मुक्तिदाते बाह्या सरसावून बसले. बटण दाबल्याबरोबर तो सुरू झाला. वायफाय जोडलं गेलं. त्यांनी जरा आशेने प्रिंटरची चौकशी केली.

“चालला की,” वहिनी म्हणाल्या.

“पहिल्या फटक्यात?”

त्यांचा चेहरा असा उतरला की वहिनींना त्यांच्यासाठी पाणी आणावंसं वाटलं.

त्यानंतर रोज ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आत ते काही अडचण आली का विचारत, आणि वहिनी नाही म्हणत. मुक्तिदात्यांचं जेवण कमी झालं. त्यांच्या लिनक्सवाल्या मित्रांच्या बैठकीत जो तो आपापला बिघाड रंगवून सांगे. यांच्याकडे सांगायला काही नाही म्हणून हे कोपऱ्यात चहा पीत बसत. मांडवात नवरदेवालाच कोणी विचारू नये, तसं झालं होतं.

पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. नमुना पाठवायच्या दिवशी वहिनी आंघोळीला गेल्या, तेवढ्यात मुक्तिदात्यांनी लॅपटॉपमधली आवाजाची चांगली चालती यंत्रणा काढून तिची ताजी आवृत्ती घातली. वहिनी केस पुसत येऊन बसल्या, तर आवाज गुल. संध्याकाळपर्यंत मुदत, आणि सभेचा ऐन भांडणाचा भाग अजून ऐकायचा राहिलेला. वहिनींनी आवाजाचं बटण चारदा दाबून पाहिलं. त्यांनी वर पाहिलं, तर मुक्तिदात्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभराने तजेला आला होता.

“घाबरू नकोस,” ते खुर्ची ओढत म्हणाले. “आज सुट्टीच टाकतो. मुळापासून बघू या.”

वहिनींना रडू आणि राग एकदमच आला. आपलं काम बुडतंय आणि या माणसाच्या घरी जणू बारसं आहे!

“हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या.

“अगं, पण आवाज...”

“टाइप करायला आवाज लागत नाही.”

त्यांनी ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावलं, कानात इअरफोन खुपसले आणि मुक्या लॅपटॉपवर टाइप करायला लागल्या. दर वाक्याला मोबाइल मागे न्यायचा, पुन्हा कीबोर्डकडे वळायचं. बोटं आखडली, मान धरली. समोर मुक्तिदाते बसून होते. भूक लागलेल्याला वाढलेलं ताट दाखवून दार लावावं, तशी त्यांची गत. दुपारी त्यांनी केविलवाण्या चेहऱ्याने काहीतरी विचारलं. वहिनींना ते ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. मुदतीच्या आत काम गेलं.

आठवड्याने काम पक्कं झाल्याचा फोन आला. तोवर कंपनीच्या माणसाने लॅपटॉपचा आवाजही परत आणून दिला होता. पासवर्ड मात्र आता फक्त वहिनींना ठाऊक होता.

पहिला पगार हातात पडताच वहिनी कोपऱ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने एकाहून एक लॅपटॉप मांडले, सगळे कसे मख्खनासारखे चालतात ते सांगितलं आणि वर वर्षाची हमी देऊ केली.

“चालणारा नको,” वहिनी म्हणाल्या. “बंद पडलेला दाखवा. आणि लवकर दुरुस्त होईल असा देऊ नका. घरच्यांना आयुष्यभर पुरला पाहिजे.”